करंजाखालचे चौकोन

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात बाबा जांभूळ गावी आपल्या बहिणीकडे राहायला गेले, ते माझ्या बियांची राखण करायला. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या आमच्या दोन खोल्यांत त्यांना दिवस खायला उठे.

मी एम.एस्सी. संपवून पीएच.डी.साठी जागा शोधत होते. जंगलातल्या बियांपासून डिझेल काढण्याची तेव्हा फार चर्चा होती. माझा प्रश्न एवढाच होता की, जंगलाला धक्का न लावता किती बी उचलता येईल? जांभूळच्या ओढ्याकाठचे बारा करंज मी निवडले आणि प्रत्येकाखाली काथ्याच्या दोरीने एकेक मीटरचा चौकोन आखला. त्यात पडलेल्या शेंगा दर रविवारी मी तोलायची. मधल्या दिवसांत चौकोनात कुणी हात घालू नये, एवढं बाबांनी बघायचं होतं.

"शेंगांना कधीपासून पोलीस लागाय लागला रं शिवा?" कौसाआत्या त्यांना चिडवायची.

"तुला नाय कळायचं. रिडिंग हाय ते," बाबा म्हणायचे. बहिणीसमोर त्यांची बोली लगेच गावची व्हायची.

बॉयलरचं लॉगबुक लिहायची सवय हाताला होती. एका वहीत ते रोज लिहीत : 'सकाळी सात. चौकोन ठीक.' रविवारी माझं तोलून झालं की आम्ही ओढ्यात पाय सोडून बसायचो. सुरुवातीला त्यांच्या बॉयलरमध्ये लाकूड जाळत, तेव्हाच्या गोष्टी ते सांगत. ऐनाचा जाळ कसा, धावड्याचा कसा, हे भट्टीचं दार न उघडता आवाजावरून त्यांना कळे. "ओलं लाकूड आधी रडतं, मग जळतं," असं म्हणून ते भट्टीचा तो फुसफुस आवाज तोंडाने काढून दाखवत. मी हसायचे. घाई असायची मला, पुढची गाडी गाठायची असायची. आज वाटतं, कसली एवढी घाई होती.

दिवाळीनंतर बाबा गेले. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

जानेवारीत फिनलंडच्या एका विद्यापीठाची जाहिरात पाहिली. जंगलातून मिळणारं इंधन किती टिकाऊ, या विषयावर संशोधन करणाऱ्यासाठी एकच जागा होती. मी अर्ज केला. 'हे बी आज वाया जाते' हे माझं पहिलं वाक्य होतं आणि खाली बाबांनी राखलेले आकडे. मार्चच्या शेवटी कळवलं गेलं की शेवटच्या तिघांत मी आहे, शनिवारी फोनवर मुलाखत होईल. गेल्या वर्षीचे आकडे यंदाही तसेच येतात का, एवढं पाहावं म्हणून बुधवारी मी जांभूळला गेले.

पुन्हा चौकोन आखले, रात्री आत्याकडे राहिले. सकाळी सात वाजता पाहिलं, तर चौकोन जवळजवळ रिकामे. गेल्या वर्षीच्या हिशेबाने एका रात्रीत प्रत्येकात ओंजळभर तरी शेंगा पडायला हव्या होत्या.

"यंदा धरलं नाही वाटतं करंजानं," मी आत्याला म्हटलं.

"धरलंय की. शेजारच्या विठानं येचलं पाटं."

"माझ्या चौकोनातलं?"

"तुझे चौकोन, पन ती बाराही झाडं तिची ना! तिच्या सासूपासनं ती येचते. हिकडं दर झाडाला घर ठरलेलं हाय. पलीकडची चार आपली." करंजाचं तेल बैलांच्या जखमांना, पोरांच्या खरजेला लागतं, उरलेलं बी बदलापूरचा व्यापारी नेतो. आत्या हे सगळं सहज सांगत होती.

"मग गेल्या वर्षी?"

आत्या हसली. "गेल्या साली तुझा बापूस होता. विठाला नको कसा म्हननार? ती तिचं न्यायची. मंग हा आपल्या चार झाडांखालचं टोपलीत भरून तुझ्या चौकोनांत टाकायचा. मी बोलले, मापानं तरी टाक. तर म्हनं, पोरीला कमी पडाय नको."

माझा आकडा म्हणजे बाबांच्या हाताचं माप होतं.

त्या रात्री मी त्यांची वही काढली. चौकोन ठीक. चौकोन ठीक. दोन महिने रोज. खोटं लिहिल्याची कुठे खाडाखोड नव्हती; त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतंच. विठाचं विठाला मिळालं होतं, माझं मला. मी गप्प राहिले असते तर फिनलंडमध्ये कुणाला कळणार होतं? जागा एकच होती आणि अशा जागेच्या शोधात माझं वर्ष गेलं होतं. शिवाय खरं बोलायचं, तर बाबांचं नाव घ्यावं लागणार होतं.

शनिवारी आईने शेजारचा टीव्ही बंद करायला लावला. फोनवर एक प्राध्यापक बाई होत्या, त्यांचं इंग्रजी सावकाश होतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारण्याआधीच मी सांगितलं की आकडे चुकीचे आहेत आणि बी वाया जात नाही. सगळं सांगितलं, टोपलीसकट.

मग त्यांनी विचारलं, "कोणतं झाड कोणाचं, हे तुमच्या वडिलांना ठाऊक होतं. त्यांच्याशी बोलता येईल का?"

"ते वारले," मी म्हणाले. हे वाक्य मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्याची कामं आईने केली होती. परक्या भाषेत ते सोपं गेलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. जागा मला दिली होती, पण विषय बदलायचा होता : किती बी पडतं हे नंतर, आधी ते कोण वेचतं आणि कोणत्या हक्काने, हे शोधायचं. पहिलं वर्ष जांभूळमध्येच.

मी आत्याला वाचून दाखवलं.

"म्हंजे कालेज तिकडं बर्फात, आनि अभ्यास आमच्या वड्याकाठी?" ती म्हणाली. मग कागद हातात घेऊन, "ह्ये तर शिवाला समदं पाठ होतं. कुठलं झाड कुनाचं, कुनाच्या सासूचं. त्याला इचारायचं व्हतंस."

दोन महिने, दर रविवारी, मी त्यांच्या शेजारी बसले होते. विचारलं नव्हतं.