दाराची बाहेरची बाजू

नाताळात दाराला लावतात ते पानांचं गोल कडं, रीथ, दोन्ही हातांत एकेक धरून सुभाषराव नेरूळच्या बाजारात खोळंबले होते. दुकानातली बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाची पिशवी भरता भरता म्हणाली,

“काका, घंटीवाली न्या ना. सगळे तीच नेतात.”

घंटीवाली लालभडक होती. दुसरी साधी, नुसत्या हिरव्या पानांची. याआधी ते फुलवाल्याकडे जाऊन आले होते. रीथ म्हणताच त्याला मयतावरचं पुष्पचक्र वाटलं आणि त्याने हातातला हार बाजूला ठेवून हळूच विचारलं होतं, “कोण गेलं?” त्यांची बायको फिलोमिना मे महिन्यात गेली होती. सुभाषराव तिथून तसेच निघून आले.

फिलोमिना वसईची. नाताळ जवळ आला की तिच्या अंगात वारं संचारायचं. सुभाषराव केक चाखायचे, कागदी तारा टांगायला स्टुलावर चढायचे, तोंडभर कौतुकही करायचे. दारावरची रीथ मात्र ती स्वतः आणायची, दरवर्षी नवी, आणि जानेवारीत कुणाला तरी देऊन टाकायची. ती रीथ कशी असायची, हे आज काही केल्या आठवेना. मोबाइलमध्ये बाळ येशूच्या गव्हाणीचे, केकचे ढीगभर फोटो होते. दाराचा एकही नव्हता.

संध्याकाळी बंगळुरूहून ईश्वरी यायची होती. ‘बाबा, या वर्षी काही करू नका हं,’ असं लेक फोनवर म्हणाली होती, पण ती मनापासून म्हणाली की नुसतंच, ते त्यांना उमगलं नव्हतं. दार रिकामं दिसलं तर तिला भडभडून येईल. आणि भलतंच काही टांगलं, तर तिला कळेल की इतक्या वर्षांत बाबांनी आईकडे धड बघितलंसुद्धा नाही. त्यांनी दोन्ही घेतल्या.

घरी येऊन दाराबाहेरच त्यांनी घंटीवाली लावून पाहिली आणि काढली. साधी लावली, तीही काढली. खिळा तेवढा चांगला ओळखीचा होता. कुलूप उघडताना त्याच्यात अडकून त्यांचे शर्ट फाटले होते. त्यांनी पुन्हा घंटीवाली उचलली. घंट्या वाजल्या तसं समोरचं दार उघडलं.

“काय चाललंय, भाऊ?” सोसायटीत राहायला आल्यापासूनच्या शेजारीण आबिदाभाभी ओढणीला हात पुसत उभ्या होत्या.

“भाभी, फिलूची रीथ कशी असायची हो?”

“तुमी बघितली नाय कदी?”

“जाताना लिफ्टकडे लक्ष. आत गेलो की दार पाठीमागं.” सुभाषरावांनी दोन्ही रीथ पुढे केल्या. “ईश्वरी येतेय, भाभी. काय लावू?”

आबिदाभाभी दाराच्या चौकटीला टेकल्या.

“ती कुठं पसंत करायची? मला न्यायची बाजारात. म्हनायची, आबिदा, तू दाखवशील ती. आमी तर आत असतो, महिनाभर तुलाच बघायचीय.”

सुभाषराव हातातल्या रीथांकडे बघत राहिले. बायकोचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

“मग आता पण तुम्हीच दाखवा,” ते म्हणाले.

भाभींनी साधीकडे बोट केलं. “घंटीनं माझी दुपारची झोप जाते.”

सुभाषरावांनी ती खिळ्याला अडकवली. मग जरा घुटमळून विचारलं, “तुमच्या दारात उभा राहू?”

भाभी बाजूला सरल्या. समोरच्या उंबऱ्यावरून सुभाषरावांनी स्वतःचं दार पहिल्यांदाच असं निवांत बघितलं. पाटीवर दोघांची नावं होती. खाली हिरवी रीथ. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत.

लिफ्ट उघडली. ईश्वरी बॅग ओढत बाहेर आली आणि दारासमोर थबकली. बराच वेळ तिने मान वळवली नाही.

“बाबा?” तिने शेवटी वळून पाहिलं. “तुम्ही आंटींच्या दारात काय करताय?”

“बघतोय. सरळ आहे का ते.”

बॅग तिथेच सोडून ती आली आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर उभी राहिली.

“थोडी डावीकडे घ्या,” ती म्हणाली.