न्हाय म्हणायचं न्हाय

दुष्काळात जत्रा ओस पडल्या, तसं बब्रुवानचं तमाशातलं सोंगाड्याचं कामही बसलं. त्यात लोहाऱ्याच्या दूध सोसायटीनं कलापथक काढायचं ठरवलं आणि गोदामात शिकवणीवर्ग भरवला. बब्रुवाननंही त्यात नाव घातलं. शिकवायला उमरग्याहून श्रीमंत नावाचे सर आले.

"लिहिलेलं काही नाही," सर म्हणाले. "लोक विषय देतील, तुम्ही जागेवर नाटक उभं करायचं. समोरचा बोलेल ते कबूल करायचं आणि पुढं आपलं जोडायचं. नाही म्हणायचं नाही."

सगळं बब्रुवानच्या डोक्यावरून गेलं. उलटं उत्तर देणं हीच तर सोंगाड्याची भाकरी. मान डोलावणाऱ्या नंदीबैलाला कोण हसणार?

जोडीला आला शेजारचा गुंडाप्पा. हा गडी कधीपासून आपल्या पोरासाठी, महारुद्रासाठी, बब्रुवानची लेक अयोध्या मागत होता. पोरीला कळंबला जाऊन शिकायचं होतं, म्हणून बब्रुवान आज-उद्या करत टोलवत होता.

बघायला बसलेल्या गावकऱ्यांनी विषय दिला, सोयरीक.

"पाव्हणं," गुंडाप्पा म्हणाला, "तुमची अयोध्या आमच्या महारुद्राला दिली म्हणा."

नावं तर खरीच घेतली. आता हे नाटक की मागणी? बब्रुवाननं समोर पाहिलं. पुढ्यात म्हातारे आबाराव बसलेले. गावातल्या सोयरिकी त्यांच्यासमोरच ठरत, आणि चारचौघांत दिलेला शब्द फिरवायची कुणाची छाती नव्हती. इकडं सर खुणावत होते, कबूल करा.

"दिली," बब्रुवान म्हणाला.

आबारावांनी मान डोलावली.

"पुढं जोडा," सर म्हणाले.

"दिली, आन् महारुद्र आमच्यात घरजावई आला. पोरगी कळंबला शिकंल, ह्यो घरी भाकरी थापंल." भीतीनं तोंडाला येईल ते तो बोलत सुटला.

लोक पोट धरून हसले.

"न्हाय, आसं कुठं आसतंय व्हय?" गुंडाप्पा चिडला.

"मग मोडली," आबाराव म्हणाले. "नकार तुझ्याकडनं आला, गुंडाप्पा."

सरांनी बब्रुवानची पाठ थोपटली. कशाबद्दल, ते त्याला उमगलं नाही. आपण सुटलो एवढं कळलं आणि जिवात जीव आला.

अयोध्या बायकांत बसून सगळं बघत होती. घरी जाताना वेशीपाशी आल्यावर ती बापाला म्हणाली, "दादा, गुंडाप्पा काका व्हय म्हणले आसते तर?"

"अगं, नाटक व्हतं ते."

"तुमी दिली म्हणलात, तवाबी नाटकच व्हतं?"

नाटक की शब्द, हे बब्रुवानचं त्यालाच ठाऊक नव्हतं.