विसावी गाडी

“अगं, साचा ठेवीन त्या माझ्या कोठीत नुसत्या कोंबड्या आहेत,” लेआर्को म्हणाला. “त्या काय विसावी गाडी बनवणार?”

फिओरेंझा हसली नाही. ती मालकांची मुलगी. लहानपणी याच कारखान्यात लेआर्कोच्या बाकाखाली पत्र्याच्या कपच्यांशी खेळलेली. आता कारभार तिच्याकडे होता, आणि लेआर्कोकाकांना नाही म्हणायचं कामही तिच्याच वाट्याला आलं होतं. एकोणीस गाड्या झाल्या की साचा मोडायचा, तोही गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत, असा शब्द दिलाय, असं तिनं खाली बघत सांगितलं.

साचा लाकडी, गाडीएवढा. त्यावर पत्रा ठोकूनठोकून गाडीचं अंग घडायचं. लेआर्कोनं तो एका हिवाळ्यात बनवला होता. मागच्या चाकावरचा उतार तर नकाशात नव्हताच. तळहात फिरवत त्यानं तो शोधून काढला होता. निवृत्त होताना घड्याळ नको, साचा द्या, एवढंच त्याचं मागणं.

इटलीतल्या मोदेनाच्या या कारखान्यात गाडी घ्यायला नुसते पैसे असून भागत नसे. ते सगळ्यांकडेच असत. मुलीसाठी स्थळ बघावं तसं कारखाना गिऱ्हाईक पसंत करी. सासरी गेलेल्या गाड्यांपैकी फारच थोड्यांनी पुढे पाऊस पाहिला. बाकीच्या मखमली खोळीत सुखानं नांदत. आपल्याकडे आहे, यापेक्षा शेजाऱ्याकडे नाही, याचं समाधान मोठं.

शनिवारी गिऱ्हाईक मंडळी जमली. फीत बांधलेली विजेची करवत तयार होती. लेआर्कोनं ती बाजूला ठेवली. मी जोडलाय, मीच सोडवतो, म्हणाला. एकेक खुंटी ठोकून काढायची, फळी सुटी करायची, पुसायची, रचायची. मोडतोड बघायला आलेल्यांना हे भलतंच सोज्वळ वाटलं. हळूहळू मंडळी हॅम आणि लाम्ब्रुस्को वाइनच्या टेबलाकडे सरकली. उताराचा तुकडा सुटला तेव्हा बघायला फक्त फिओरेंझा होती. लेआर्कोनं त्यावरून एकदा तळहात फिरवला आणि तो ढिगावर ठेवला. कामगारांनी ढीग भट्टीकडे नेला.

मग त्याला टेबलाशी बसवलं, हातात पेला दिला. मिलानचे बटणांचे कारखानदार बोनाकोसाशेठ शेजारी येऊन बसले. शेवटची गाडी त्यांची.

“म्हणजे आता ही पुन्हा कुणालाच बनवता येणार नाही?”

“नाही.”

“तुमचे हात राहिले की हो, उस्ताद.” शेठ मंडळींकडे वळले. “तेही भट्टीत घालायला हवे होते.”

मंडळी मनापासून हसली. लेआर्कोही हसला. पेल्यातली वाइन हिंदकळत होती. त्यानं तो खाली ठेवला आणि दोन्ही हात पांढऱ्या टेबलक्लॉथवर पसरले. हत्यार धरलेलं असताना कळलं नव्हतं. बोटं थरथरत होती, इतकी की शेजारच्या बशीतला चमचा बारीक किणकिणू लागला.

“त्याची सोय झालीये, शेठ,” तो म्हणाला.

चमचा तेवढा वाजत राहिला. फिओरेंझा उठली, आणि तिनं ती बशी हळूच बाजूला सरकवली.