पिशोरचा एक्स-रे

सुकेशनी जिथं काम करायची तिथं पेशंट येत नसत, त्यांचे एक्स-रे येत. कन्नड, सोयगाव, पैठणकडच्या छोट्या दवाखान्यांत फोटो काढला की तो तिथल्या कॉम्प्युटरवरून शहरात, बीड बायपासवरच्या या ऑफिसात यायचा. डॉक्टर श्रेया मॅडम तो बघून रिपोर्ट लिहायच्या. लाइन बारीक आणि फोटो जड, त्यामुळे वाटेत रांग लागायची. कोणता फोटो येतोय, कोणता अडकलाय, कोणता चुकून दोनदा पाठवलाय हे बघायचं, अडकलेला पुन्हा सोडायचा, दुबार असेल तो रद्द करायचा आणि सीरियस पेशंट पुढं घ्यायचा, हे सुकेशनीचं काम.

दुष्काळाचा उन्हाळा होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, पण बायपासला इमारतींवर इमारती चढत होत्या आणि त्यांच्यासाठी रस्ते खोदणं चालू होतं. त्या दुपारी जेसीबीनं पुन्हा केबल तोडली. स्क्रीनवरची सगळी रांग जागच्या जागी थांबली. सुकेशनीनं मोबाईलचं डोंगल लावलं. त्यावरून एका वेळी एकच फोटो कसाबसा यायचा. आधी कोणता घ्यायचा म्हणून ती नावं वाचत खाली आली.

मल्हारराव. पिशोर. छाती. अर्ध्यावर अडकलेला.

तिच्या वडिलांचं नाव, आणि गावही तिचंच. पण आबा तर मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीकाठी गेले होते. फोनवर दर वेळी म्हणायचे, "येऊ नको बाई, इथं प्यायला पाणी नाय, तुला कुठून पाजू?" दुसरे कोणी मल्हारराव असतील, असं स्वतःला सांगत तिनं पिशोरला फोन लावला. तिथं फोटो काढणारा मोतीराम तिच्या ओळखीचा होता.

"मोतीराम, हे मल्हारराव कोण आहेत?"

"ताई, तुमचेच आबा. गंगथडीहून टेम्पोत घालून आणलंय त्यांना. तुम्हाला सांगू नको म्हणले. म्या म्हणलं, फोटो तर ताईकडंच जाणार. मग गप बसले."

"त्यांना फोन द्या."

आधी खोकला ऐकू आला. मग आवाज आला, ओळखू न येण्याइतका बारीक. "सुके, घाबरू नको गं. दम लागतोय जरासा. तू तुझं काम कर."

"कधीपासून, आबा?"

"दिवाळीपासून असंल. तुला नवी नोकरी, कशाला तुझ्या जिवाला घोर?"

तिनं फोन ठेवला. आबांचं नाव वर उचलायला एक बटण पुरेसं होतं. पण त्याच्या वर सोयगावची भागूबाई होती. पाणी शेंदताना विहिरीत पडलेली. आत रक्तस्राव असेल, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं. सुकेशनीचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं. मग तिनं भागूबाईचा फोटो सोडला.

डोंगलवरची हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकत होती. भागूबाईचा फोटो आला, मॅडमनी लगेच तिला शहरात हलवायला सांगितलं. मग सुकेशनीनं आबांचा फोटो सोडला. तो दोनदा तुटला. तिसऱ्यांदा पुरा आला आणि तिनं तो उघडला. बघायची तिला गरज नव्हती, बघणं तिचं कामही नव्हतं.

उजवी बाजू सगळी पांढरी होती. असे फोटो तिनं इतके बघितले होते की मॅडमना विचारावं लागलं नाही.

मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. "पाणी भरलंय. आणि वर ही गाठ दिसतेय. लई उशिरा आणलं गं ह्यांना." सुकेशनीकडं बघून त्या थांबल्या. "ओळखीचे आहेत का?"

"माझे आबा आहेत."

मॅडम शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

आबांना त्याच संध्याकाळी शहरात आणलं. छातीतलं पाणी काढल्यावर चार दिवस बरे होते. सुकेशनी चहा घेऊन जायची तेव्हा विचारायचे, "आज कोणाचं अडकलं व्हतं? सोडलंस का?" ती सांगायची. एकदा म्हणाले, "ती विहिरीतली बाई?" "जगली आबा." "बरं झालं," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. रांग मोतीरामच्या कॉम्प्युटरवरही दिसायची, भागूबाईचा फोटो तिनं आधी सोडला हे त्यानंच त्यांना सांगितलं असावं. तिनं विचारलं नाही. त्या थोड्या वेळानं काही बिघडलं नव्हतं, हे मॅडमनी तिला दोनदा समजावलं होतं. तिलाही ते कळत होतं. तरी रात्री ती त्या दोन फोटोंच्या वेळा पुन्हा पुन्हा मोजायची.

मृगाच्या आधी आबा गेले. मेंढरं चुलत्यांकडं दिली. आई, सखूबाई, सुकेशनीच्या खोलीवर राहायला आली. दिवसभर दारात बसून ती समोरच्या इमारतीवर सळया चढताना बघायची.

एक दिवस ती म्हणाली, "ह्यांचा तो फोटो मला दाव."

"त्यात आबा दिसत नाहीत आई. नुसती हाडं असतात."

"असू दे. दाव."

मॅडमनी नाही म्हटलं नाही. सुकेशनीनं आईला ऑफिसात नेलं आणि जुन्या फोटोंतून तो काढून स्क्रीनवर लावला. सखूबाई पदर सावरून पुढं झाली आणि काळ्यापांढऱ्या पट्ट्यांकडं टक लावून बघत राहिली. मग तिनं डाव्या खांद्याखाली बोट ठेवलं. तिथलं हाड मोडून वाकडं जुळलेलं होतं. सुकेशनीनं ते कधी बघितलंच नव्हतं, तिची नजर पांढऱ्या बाजूलाच अडकली होती.

"लग्नाच्या साली मेंढीमागं कड्यावरून पडले व्हते," सखूबाई म्हणाली. "हाडवैद्यानं बांधलं, पण वाकडंच बसलं. पाऊस यायचा असला की ठणकायचं. रातभर मी तेल चोळायची." तिनं पूर्ण तळवा काचेवर ठेवला. "हेच हायेत गं. कोण म्हणतं दिसत नाय?"

सुकेशनीला पहिल्यांदा रडू फुटलं. सखूबाईनं मागं वळून बघितलं नाही. तिचा अंगठा त्या वाकड्या हाडावरून हळूहळू फिरत होता.