झावळ्यांआडचं पाखरू

उजाडायच्या आधीच मामानं लामसिकला झाडावरच्या मचाणावर चढवलं, भोवती झावळ्या बांधल्या आणि शिडी काढून नेली. आता भावाला माती देऊन होईपर्यंत उतरायचं नाही, खोकायचं नाही, कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही.

मांडीवर लुनुआत हे वाद्य होतं. लाकडाच्या ठोकळ्यात कोरलेल्या तीन जिभा. चीक चोळलेला तळवा त्यांच्यावरून ओढला की तीन हाका उठायच्या. एक जाड, एक मधली, एक बारीक. खाली बायका म्हणायच्या, मेलेल्याला न्यायला पाखरू आलं. पाखराला माणसाचे हात आहेत, हे बायकांच्या कानी जाता कामा नये. गेलं, तर लुनुआत कायमचं मुकं. जुना वाजवणारा मागच्या पावसाळ्यात वारला, तेव्हापासून हात उरले होते ते एकट्या लामसिकचे. आणि पहिलंच वाजवणं वाट्याला आलं ते सख्ख्या थोरल्या भावाच्या, मेसुलच्या मातीला.

गावात मामानं सांगून ठेवलं होतं, लामसिक खोबऱ्याच्या बोटीवर काविएंग बंदराला गेलाय.

झाडाखालीच बायका तारोचे कंद सोलत बसल्या होत्या.

"निरोप पोचला नाही म्हणे! डुकराच्या मांसाचा वास मात्र पोचेल बघ. बरोब्बर जेवायला उगवेल."

"भावाच्या खांद्यावर बसून वाढला गं तो. आता खांदा द्यायची वेळ आली, तर हा खोबरं लादतोय."

"भाऊजी तसे नाहीत," पेतिल म्हणाली. मेसुलची बायको. तोंडाला सुतकाची काजळी फासलेली, आवाज बसलेला.

"नाहीत ना? मग आहेत कुठं?"

लामसिकच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. उत्तर पेतिलच्या डोक्यावर दहा हातांवर बसलं होतं.

पलीकडे त्याची आई, सुरून, मेसुलच्या उशाशी गात होती.

*होडी पाण्यात थांबली, बाळा, वल्हं कुणी रं लपवलं…*

लामसिकनं तळवा ओढला. पहिली हाक उठली, दुसरी उठली. तिसरीच्या आधी छातीत हुंदका आला आणि हात थबकला. मग बारीक हाक निघाली, तुटकी. पुन्हा ओढला, पुन्हा तसंच.

आईचं गाणं मध्येच थांबलं.

लहानपणी तो असाच रडायचा. दोन हुंदके, मग श्वास अडकायचा. आई पाठीत थाप मारायची तेव्हा कुठं तिसरा सुटायचा.

फटीतून त्याला दिसलं, आईनं झाडाकडे मान वर केली. तिचा हात उठला, हवेतच राहिला, मग मांडीवर आला. बोल, आई, त्याला वाटलं. एकच शब्द बोल माझ्या बाजूनं.

"पाखरू आज अडखळतंय का गं?" कुणीतरी विचारलं.

"पाखराचं काय घेऊन बसलीस!" आई कडाडली. "माझ्या पोराचं बोल. बोटीवर सुपारी चघळत पडला असेल मेला! पेतिल, तू त्याची बाजू घेऊ नकोस. भावाला माती द्यायला जो आला नाही, त्याला माझ्या चुलीपाशी जागा नाही."

आईच असं बोलल्यावर बायका आणखी काय बोलणार? झाडाकडे कुणाचं लक्षसुद्धा राहिलं नाही. आई बोलत राहिली, एकाहून एक जहरी. आणि लामसिकला वाटलं, ती शब्द नाही, त्याच्याभोवती झावळ्याच बांधत चालली आहे. मामानं बांधल्या होत्या त्याहून घट्ट. तो वाजवत राहिला.

ऊन कलल्यावर मेसुलला माती दिली. मग शिडी आली. मामानं त्याला किनाऱ्यावरून लांबचा वळसा घालून घरी पाठवलं.

"निरोप उशिरा मिळाला, आई," दारात उभं राहून तो म्हणाला. सगळं गाव ऐकत होतं.

"हो का," आई म्हणाली. "बाहेर बस."

परक्याला ठेवावं तसं तिनं पान अंगणात ठेवलं. तो खाली मान घालून खाऊ लागला. पाण्याला निघालेली पेतिल त्याच्यापाशी थांबली.

"मी तुमची बाजू घेतली होती, भाऊजी."

त्यानं घास गिळला.

"चुकलंच तुमचं, वहिनी," तो म्हणाला.