बिननावाचा ठसा

मी कापडावर वेलीची नक्षी छापणारा लाकडी ठसा बोलतोय. माझ्या मुठीवर एक खरवडलेली जागा आहे. माझी कहाणी कळायला ती आधी बघा.

माझ्या आधीचा ठसा झिजला, तेव्हा आमच्या आळीतल्या थोरल्या काकूंच्या सासऱ्यांनी त्याच्यावरून मला कोरलं. त्याच्याही आधी एक होता म्हणतात. ही वेल मुळात कुणाला सुचली, देव जाणे.

रंगाऱ्यांच्या आळीची रीत अशी, की एका घरची छपाई संपली की मला धुवायचं, तेल लावायचं आणि शेजारच्या उंबऱ्यावर ठेवायचं. एकदा एका हौशी जावईबापूंनी माझ्या मुठीवर आपलं नाव कोरलं. काकूंनी त्यांनाच कानशीनं ते खरवडायला लावलं. "वेल कुणा एकाची नसते, जावईबापू," त्या म्हणाल्या. मला केवढा अभिमान वाटला होता!

मग कापड कंपनीचा एक गोडबोल्या पाहुणा आला. काकूंनी त्याला चहा पाजला आणि मला त्याच्या हातात दिलं. मागणाऱ्याला ठसा नाही म्हणायची पद्धतच नव्हती. नक्षी उतरवून घेऊन त्यानं मला परत केलं. पुढे कळलं, की वेल कंपनीच्या नावावर नोंदली गेली आणि आळीला ती छापायला बंदी आली. चोराच्या उलट्या बोंबा!

आळीनं हरकत घेतली. सुनावणीला मी काकूंच्या पिशवीत होतो. साहेबांनी विचारलं, "ही नक्षी तुमची का?"

काकू संकोचल्या. "छे हो! माझी कशी असेल?"

शेजारीपाजारीही तेच म्हणाले. एकट्यानं 'माझी' म्हणणं आळीत चोरीच होती.

काकूंची सून कळवळून उठली. "साहेब, सगळ्या आळीची आहे. आळीच्याच नावावर करा ना!"

"बाई, मालक एक लागतो. आळीला हक्क द्यायची कायद्यात सोय नाही."

निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. नक्कल करायचं साधन म्हणून मला जप्त केलं. मी आणि नक्कल! हसावं की रडावं?

निघताना काकूंनी सुनेला विचारलं, "अगं, मी खरं तेच बोलले ना?" सुनेनं त्यांच्या हातातली रिकामी पिशवी घेतली.

आता मी साहेबांच्या कचेरीत कुलूपबंद कपाटात आहे. तेलावाचून मला चीर गेली आहे. शिपाई सांगत होता, सून घरोघर फिरून माणसं जमवते आहे. सगळ्यांना मिळून हक्क मिळावा, अशी तिची मागणी आहे. गाव करी ते राव न करी, खरं आहे. पण तोवर मी टिकेन असं वाटत नाही.

सगळ्यांचं म्हणजे बेवारशी नव्हे, एवढं त्या साहेबांना कुणीतरी सांगा हो. माझ्या मुठीवर, नेमक्या त्या खरवडलेल्या जागी, त्यांनी कंपनीच्या नावाची चिठ्ठी बांधली आहे.