पहिली तार

विनेशने उजव्या हाताची नखं वाढवायला घेतली, तेव्हा कोळीवाड्यात त्याची जेवढी चेष्टा झाली तेवढी त्याच्या लग्नातही झाली नव्हती. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, डोक्यावरचे केस उडालेले, आणि अंगठा धरून चार बोटांना नखं! कुणी म्हणालं नेलपॉलिश आणून देऊ का, कुणी म्हणालं कोळंबी सोलायला बरी पडतील. विनेश नुसता हसायचा. निम्मं त्याला ऐकूच यायचं नाही, त्यामुळे हसणं सोपं जायचं.

सव्वीस वर्षं तो केतनच्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवत होता. काशीदपासून तळा गावापर्यंत कुठेही हळद असो, पार्टीचा टेम्पो निघाला की विनेश पुढच्या सीटवर. एका हाताने बेंजोची बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या, आणि कानाशी माणसाच्या उंचीचे स्पीकर. नवरदेव नाचला पाहिजे, नवरदेवाची आत्या नाचली पाहिजे, आणि आत्या दमून बसली की आवाज वाढवायचा, एवढंच या धंद्याचं शास्त्र. त्यात विनेशच्या कानांचं काय होतंय हे विचारायला फुरसत कुणाला होती? त्याला स्वतःलाच नव्हती.

गेल्या वर्षी काशीदच्या एका रिसॉर्टवर मुंबईच्या लोकांचं लग्न होतं. पार्टी वाजायला अवकाश होता आणि हॉलमध्ये एक दाढीवाला माणूस गिटार घेऊन बसला होता. ना माईक, ना स्पीकर. विनेश वायर ओढत दारापर्यंत गेला आणि वायर हातात धरून उभाच राहिला. खाली जाड तारांवर एक सूर सावकाश चालला होता, आणि वर दुसरा, बारीक, थांबत, वळत, मध्येच थरथरत. दोन्ही एकाच माणसाच्या हातातून. केतनने तीन हाका मारल्या. विनेशला रडू येत होतं आणि ते का येतंय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. वाजवून झाल्यावर त्याने जाऊन विचारलं, हे काय होतं? साराबांद, तो माणूस म्हणाला. तीनशे वर्षांपूर्वीचा युरोपातला संथ नाच. विनेशने ते नाव पेनाने तळहातावर लिहून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात कानातली शिट्टी सोसवेना म्हणून तो अलिबागला डॉक्टरकडे गेला. बंद खोलीत तपासणी झाली. कागदावरची रेघ अर्ध्यापर्यंत बरी होती, पुढे दरड कोसळावी तशी खाली गेली होती. मोठ्या आवाजाने कान गेलेत, डॉक्टर म्हणाले. बारीक सूर आधी जातात, मग हळूहळू बाकीचे, आणि गेलेलं परत येत नाही. विनेशने कानाचं मशीन लावून पाहिलं. माणसांचं बोलणं बरं कळायचं, पण संगीत पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं वाटायचं. ते त्याने कपाटात ठेवून दिलं आणि पार्टी सोडली. डोक्यात एकच गोष्ट घेतली: कान आहेत तोवर तो साराबांद एकदा, एकदाच, नीट वाजवायचा आणि आपल्या कानांनी ऐकायचा.

अलिबागला अमिषा नावाची मुलगी गिटार शिकवायची. तिचं वय सव्वीस, म्हणजे विनेशच्या बेंजोएवढं. तो तिला मॅडम म्हणायचा, ती त्याला काका म्हणायची, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. दर गुरुवारी तो पाठीला गिटार बांधून रेवदंड्याचा पूल ओलांडायचा. कानांचं मात्र त्याने तिला सांगितलं नाही. बहिऱ्याला गिटार कोण शिकवणार?

पहिले दोन महिने बोटं आवरण्यातच गेली. सव्वीस वर्षं पळवलेली बोटं ती, त्यांना चालायला सांगितलं तर पायात पाय अडकायचे. "काका, हळदीत नाही आपण," अमिषा म्हणायची. "तीन मात्रा आहेत. पहिलीवर पाऊल ठेवा, दुसरीवर वजन टाका आणि थांबा. थांबायचंय इथे. घाई कुणाला आहे?" घाई विनेशला होती, पण ते बोलायची सोय नव्हती. पहाटे उठून बायकोबरोबर बोंबील वाळत घालायचे, टोपल्या बाजाराला पोचवायच्या, दुपारी पाठ मोडलेली असताना गिटार मांडीवर घ्यायची. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले. कधी कधी एकाच ओळीत तास जायचा आणि तो तसाच भिंतीला टेकून, गिटार कवेत धरून, पेंगायचा.

आठ महिन्यांत साराबांद हाताखाली आला. दोन भाग, दोन्ही दोनदा वाजवायचे, एक सूर चुकत नव्हता. आणि तरी अमिषा खूश होईना.

"काका, पहिली तार ओरडतेय."

पहिली तार म्हणजे सगळ्यांत बारीक, जिच्यावर ती वरची चाल होती. विनेशला वाटे, ओरडतेय कुठे? उलट दबतेय. खालचा खर्ज छान घुमायचा आणि वरची चाल त्यात बुडून जायची. म्हणून तो नख आणखी रोवायचा.

"आणखी हलकं," अमिषा म्हणायची. तो मान डोलवायचा आणि घरी येऊन आणखी जोरात वाजवायचा. शेवटी एका गुरुवारी ती वैतागली. "सगळं येतंय तुम्हाला, पण वरच्या आवाजात जीवच नाही, नुसता मार आहे. तुम्ही ऐकत का नाही?"

हे 'ऐकत का नाही' तिने सहज म्हटलं होतं. पण विनेश पुलावर येईपर्यंत ते घेऊनच गाडी चालवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पडवीत वाजवत बसला. त्याची बायको कमळ अंगणात सुके बोंबील निवडत होती. कमळ फार बोलणारी नव्हे, कामाच्या वेळी तर नाहीच. पण त्या दिवशी तिने टोपली बाजूला सारली आणि समोर येऊन उभी राहिली, त्याला तिचं तोंड दिसेल अशी. वर्षभर ती त्याच्याशी अशीच बोलायची. त्याच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

"अवो, ती वरची तार कशापाई ठोकताव? कानात जाऊन टोचते."

"मला तर ऐकूच येत नाय नीट."

"तुमाला न्हाय येत. मना येतं."

विनेशने हाताने पायरी दाखवली. मग म्हणाला, "बस इथं. मी तेच तेच वाजवतो, दर वेळी हलकं. बरोबर लागलं की सांग."

ती पायरीवर बसली. त्याने पहिली ओळ वाजवली. तिने मान हलवली, न्हाय. नख सैल सोडून पुन्हा वाजवली. न्हाय. पुन्हा. वरची चाल विनेशला विरत चाललेली ऐकू येत होती, आधी धूसर, मग तुटक. सहाव्या वेळेला त्याने तारेला जेमतेम स्पर्श केला. त्याला नुसता खर्ज ऐकू आला. वरती काहीच नव्हतं, कानातल्या शिट्टीशिवाय.

"हां," कमळ म्हणाली. "आता. असंच."

विनेशने गिटार खाली ठेवली. इतका दमलेला तो सव्वीस वर्षांत कुठल्याही हळदीहून घरी आला नव्हता. म्हणजे हिशेब असा होता: स्वतः ऐकायचं तर वाजवायचं चुकीचं, आणि बरोबर वाजवायचं तर ऐकायचं नाही. ज्यासाठी आठ महिने पाठ मोडून घेतली, ते नेमकं त्याच्याच वाट्याला येणार नव्हतं. "मग मी झक मारायला शिकलो काय?" तो ओरडला. कमळने टोपली पुन्हा पुढ्यात ओढली.

दोन गुरुवार तो अलिबागला गेला नाही. अमिषाचा मेसेज आला, तब्येत बरी आहे का? त्याने उत्तर दिलं नाही. नखं कापून टाकायची म्हणून ब्लेड काढलं आणि आळसाने तसंच ठेवलं. राग करायलासुद्धा अंगात जीव लागतो, आणि तो त्याच्यात उरला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी काम लवकर आटपलं. कमळ जेवणं उरकून पडवीत टेकली होती. विनेश उठला, गिटार घेऊन आला, तारा लावल्या. पहिली तार लागली का हे त्याने तिला विचारलं. ती म्हणाली, थोडी चढवा. त्याने चढवली.

मग त्याने साराबांद वाजवला, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, दोन्ही भाग दोनदा, नखाने तारेला जेमतेम शिवत. खर्ज पावलं टाकत होता. दुसऱ्या मात्रेवर तो थांबायचा, आणि त्या थांबण्यात वर काहीतरी होत होतं, एवढं त्याला बोटांवरून कळत होतं. कुठे करंगळी दांड्यावरच्या सातव्या पडद्यापर्यंत ताणली जात होती, कुठे दोन बोटं आळीपाळीने थरथरत होती. कान काही सांगत नव्हते. त्याने कमळकडे बघितलं. तिने डोळे मिटले नव्हते, ती समोर कुठेतरी बघत होती, आणि पदराचं टोक तिच्या मुठीत होतं.

संपल्यावर तिने पदराचं टोक सोडलं. मग त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "गोड व्हतं."

"गोड म्हणजे कसं? मला नीट सांग."

कमळ अडखळली. आयुष्यात ती कुठल्या गाण्याबद्दल चार शब्द बोलली नव्हती. "सुरवातीला कोणी दारात येऊन उभं राहावं तसं. आत येऊ का, न येऊ, असं. मग मधी एकदा वर गेलं बगा, लय वर, आन तितंच थरथरत राहिलं. मना वाटलं आता पडंल. पन न्हाय पडलं."

"सातवा पडदा," विनेश म्हणाला. "करंगळी लागते तिथं."

"मना काय ठाव, सातवा का आठवा. तितं मना रडू आलं."

विनेशने गिटार मांडीवरच राहू दिली आणि तिच्या ओठांकडे बघत जरा पुढे सरकून बसला.

"मग?" त्याने विचारलं. "त्याच्यापुढे काय झालं?"

आणि कमळने, आठवत आठवत, त्याला पुढचं सांगायला घेतलं.